तरुण संघाचं पहिलं सेवाशिबिर : निघण्याआधी, तिथे असताना आणि परतल्यावर

मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघाच्या सभेत कोणीतरी म्हणालं, "या सुट्टीत कुठेतरी जाऊन सेवा करूया." सगळ्यांनी हात वर केले. सभा संपल्यावर पाळकसाहेबांनी तुम्हाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मग तूच बघ सगळं." तुम्ही हो म्हणालात, आणि आता सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. हा लेख तुमच्यासाठी लिहिला आहे.

आमच्या मंडळीच्या तरुण संघाबरोबर मी सहा सेवाशिबिरांना गेलो आहे. दोन शिबिरांत नुसता स्वयंसेवक होतो, पुढच्या चारांत जबाबदारी माझ्याकडे होती. सुरुवातीच्या शिबिरांत आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या निस्तरायचं काम आमच्या यजमानांना करावं लागलं. ते मला अजून लागतं. त्या चुका तुमच्या हातून होऊ नयेत, म्हणून जे शिकलो ते सगळं इथे मांडतो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. आम्ही पूर्वी याला 'सेवा-सहल' म्हणायचो. मुलांच्या आणि पालकांच्या कानावर त्यातला 'सहल' एवढाच शब्द पडायचा. 'सेवाशिबिर' म्हणायला लागल्यापासून नावं देणाऱ्यांची संख्या थोडी घटली, पण येणारे मन तयार करून येऊ लागले.

वेळेचा अंदाज असा धरा : देशातल्या देशात जायचं असेल तर निदान सहा महिने आधी तयारीला लागा, परदेशी जायचं असेल तर वर्षभर आधी.

१. आधी यजमान शोधा, काम नंतर ठरवा

बहुतेक गट इथेच चुकतात. "आपण रंगकाम करूया" किंवा "मुलांना शिकवूया" असं आपल्या सभेत ठरतं आणि मग ते काम करून घेणारी जागा शोधली जाते. हे उलटं आहे. आपण गेल्यावरही जे तिथेच राहणार आहेत, अशा लोकांपासून सुरुवात करा. तिथली एखादी मंडळी, शाळा, दवाखाना, वृद्धाश्रम किंवा वर्षानुवर्षं तिथेच काम करणारी संस्था, कोणीही चालेल. फक्त एवढंच पाहा, की तिथे निर्णय घेणारी माणसं तिथलीच आहेत.

त्यांच्याशी बोलताना प्रश्न कसा विचारता याला फार महत्त्व आहे. "आम्ही भिंती रंगवल्या तर चालेल का?" असं विचारलंत की उत्तर "हो, या ना" असंच येणार. पाहुण्यांना नाही म्हणणं कोणालाही जड जातं. त्याऐवजी असं विचारा :

- या वर्षी तुमची कोणती कामं अडली आहेत?
- आम्ही आलो नाही तर हे काम कोण करेल? त्यांची मजुरी आमच्यामुळे बुडणार नाही ना?
- आमच्यावर देखरेख ठेवायला, आमचं जेवणखाण बघायला तुमची किती माणसं अडकतील?
- आम्ही येण्याऐवजी आमच्या प्रवासाचे पैसेच पाठवले, तर तुम्हाला ते बरं वाटेल का?

शेवटचा प्रश्न विचारायला मन धजत नाही, पण तो विचाराच. एकदा एका यजमानांनी आम्हाला "हो, पैसेच पाठवा" असं सांगितलं. त्या वर्षी आम्ही घरीच राहिलो आणि पैसे पाठवले. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःहून बोलावलं, आणि माझ्या आठवणीतलं सर्वांत चांगलं शिबिर तेच झालं.

यजमानांचं मन जाणून घेणं का गरजेचं आहे, याचा एक जुना दाखला आहे. पिएर सेरेसोल हे युद्धाच्या विरोधात उभे राहिलेले स्विस अभियंते. पहिल्या महायुद्धात व्हर्दंच्या परिसराची राखरांगोळी झाली होती. तिथल्या एन या फ्रेंच गावात त्यांनी १९२० मध्ये काही सोबत्यांसह घरबांधणीचं काम सुरू केलं. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशांच्या तरुणांनी एकत्र राबायचं, ही त्यामागची कल्पना. गटात जर्मन स्वयंसेवकही होते. हेतू अतिशय उदात्त होता, पण युद्धाच्या जखमा ताज्या होत्या. जर्मनांच्या सहभागाला विरोध झाला आणि काही महिन्यांतच काम थांबवावं लागलं. पुढे 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही स्वयंसेवकांची जागतिक चळवळ याच प्रयत्नातून उभी राहिली, म्हणजे तो वाया गेला नाही. आपल्या मनात प्रेम असलं तरी समोरच्याची तयारी किती आहे ते त्यालाच विचारावं लागतं, हे मात्र त्यातून शिकण्यासारखं आहे.

अनाथाश्रमाबद्दल सावध राहा. गटाची पहिली पसंती हमखास तिथेच जाते. लहान मुलांशी खेळायचं, त्यांना खाऊ द्यायचा, त्यात वाईट काय, असं आम्हालाही वाटायचं. पण दर महिन्याला नवी ताई, नवा दादा येतो, माया लावतो आणि आठवड्याने निघून जातो. आधीच ताटातूट सोसलेल्या मुलाला ती पुन्हा पुन्हा सोसावी लागते. शिवाय जगात अनेक ठिकाणी अशा संस्थांमधल्या पुष्कळ मुलांची आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलांना घरापासून तोडून आणल्याचे प्रकार उघडकीला आले आहेत. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या कायद्याच्या वेळी या प्रकाराची गणना आधुनिक गुलामगिरीत केली. मुलांसाठी काही करायचंच असेल, तर ती आपल्या घरीच राहून शिकू शकतील अशा कामाला हात लावा : शाळेची दुरुस्ती, पाण्याची सोय, पालकांना आधार.

२. दोघांनी आधी जाऊन या

फोनवर सगळं ठरवून थेट वीस जणांना घेऊन जाऊ नका. प्रभू येशूनेही आपल्या शिष्यांना दोघादोघांनी पुढे पाठवलं होतं. दोन मोठी माणसं, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आधी जाऊन एक रात्र राहून या. या फेरीत बघायच्या गोष्टी :

मुलामुलींच्या झोपण्याची जागा वेगवेगळी आहे का, दारांना आतून कडी आहे का. संडास किती आहेत आणि रात्री तिथवर जायच्या वाटेवर उजेड आहे का. पिण्याचं पाणी कुठून येतं. फोनला रेंज कुठे मिळते. रात्री उघडा असणारा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, आणि तिथे पोहोचायला प्रत्यक्षात किती वेळ लागतो. हा वेळ नकाशावर बघून ठरवू नका, गाडीने जाऊन बघा. नकाशाने पंचवीस मिनिटं दाखवलेल्या रस्त्याला आम्हाला तासापेक्षा जास्त वेळ लागला होता.

परत आल्यावर यजमानांशी झालेलं बोलणं कागदावर उतरवा. काम कोणतं, सामान कोण आणणार, देखरेख कोणाची, किती माणसं, कोणत्या तारखा, काम अर्धवट राहिलं तर पुढे काय. एक-दोन पानं पुरे, पण दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. मंडळी-मंडळींमध्ये कागद कशाला, असं कोणीतरी म्हणेलच. पण चांगले संबंध बिघडतात ते बहुधा "मला वाटलं तुम्ही करणार" या एका वाक्यावरून, आणि कागद असला की ते वाक्य बोलायची वेळ येत नाही.

३. आपल्याला झेपेल तेच काम घ्या

आमच्या दुसऱ्या शिबिरात शाळेच्या अंगणात काँक्रीटचा ओटा घालायचा होता. पहिले चार दिवस आम्ही खणलं, माती वाहिली, फळ्या ठोकल्या. पाचव्या दिवशी काँक्रीट ओतलं, सहाव्या दिवशी निरोपाची सभा झाली आणि सातव्या दिवशी सकाळी निघालो. काँक्रीटला पुढे निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, आणि त्याची पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस धरतात, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही निघून गेलो, शाळेला सुट्टी होती, पाणी मारायला कोणीच नव्हतं. ओट्याला भेगा गेल्या आणि शाळेने स्वतःच्या खर्चाने तो पुन्हा घातला. आम्हाला हे वर्षभराने कळलं, तेही आम्ही चौकशी केली म्हणून.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो.

पहिली, काम सुरू करण्याआधी तिथल्या गवंड्याला किंवा सुताराला सगळा बेत सांगायचा आणि "यात आमचं काय चुकतं आहे?" असं विचारायचं. शिबिरभर तोच आपला मुकादम, आणि त्याची मजुरी आपल्या खर्चात धरायची. आपला गट त्याच्या हाताखाली घमेली उचलेल, विटा पोचवेल, वाळू चाळेल. ओळंबा कसा धरायचा हे मुलं त्याच्याकडून शिकतात, आणि कामात त्याचा शब्द आपल्यापेक्षा मोठा असतो हेही शिकतात. १९७६ मध्ये मिलर्ड आणि लिंडा फुलर यांनी ख्रिस्ती श्रद्धेतून सुरू केलेल्या 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी'च्या कामात ज्यांचं घर बांधायचं ते कुटुंबही स्वयंसेवकांच्या बरोबरीने राबतं. आपल्या कामातही तिथली माणसं बरोबर असतील असंच बघा. नाहीतर आपण काम करतो, ते बघत उभे राहतात, आणि दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होतं.

दुसरी, ज्याला वाळायला किंवा मुरायला वेळ लागतो ते काम पहिल्या दोन दिवसांत, आणि आपण गेल्यावर त्याची काळजी कोण घेणार त्याचं नाव लिहून ठेवायचं. शेवटचा दिवस फक्त आवराआवरीचा. उरलेलं सामान, पत्र्याचे तुकडे, खिळे, रंगाचे डबे, यातलं काहीही यजमानांच्या अंगणात सोडून यायचं नाही.

तिसरी गोष्ट वयाची. धोकादायक काम अठरा वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९९ च्या १८२ क्रमांकाच्या करारात आहे, आणि २०२० पर्यंत संघटनेच्या सगळ्या सभासद देशांनी तो मान्य केला. तो करार मजुरीविषयी आहे खरा, पण मुलगा सेवेसाठी शिडीवर चढला म्हणून शिडी कमी घसरत नाही. म्हणून अठराच्या आतल्या कोणालाही छपरावर, उंच शिडीवर, विजेच्या करवतीवर किंवा खोल चरात पाठवू नका. चाळणं, घासणं, खालच्या भिंती रंगवणं, बागकाम, पुस्तकांना कव्हरं घालणं, वृद्धांना वाचून दाखवणं, ही कामं त्यांना भरपूर आहेत.

कामाच्या जागी लक्षात ठेवायच्या काही बारीक गोष्टी :

- शिडी जितकी उंच टेकवाल त्याच्या पाव अंतरावर तिचा पाय ठेवा. चार फूट उंचीला एक फूट.
- ओलं सिमेंट कातडी जाळतं, आणि ते लगेच जाणवत नाही. रबरी हातमोजे आणि बंद बूट हवेतच. अंगाला लागलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.
- जुन्या इमारतीतला जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते कापायचे नाहीत, फोडायचे नाहीत, त्यांना हातच लावायचा नाही.
- चपला घालून कामावर यायचं नाही, अगदी "फक्त पाणी द्यायला" आलेल्यानेही.

४. मुलांच्या सुरक्षेचे नियम

या भागाबद्दल मंडळीत बोलायला संकोच वाटतो. "आपल्यात असं कोण करेल?" हे वाक्य मी बैठकीत ऐकलं आहे. नियम कोणावर संशय घेण्यासाठी नसतात. ते मुलांना जपतात, आणि मोठ्यांनाही. नियम असा करा की तो पाळकसाहेबांपासून स्वयंपाक करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना सारखा लागू होईल.

कोणतीही मोठी व्यक्ती एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत किंवा गाडीत असणार नाही. दोन मोठी माणसं, तीही एकमेकांच्या घरची नसलेली, नेहमी बरोबर असतील. वैयक्तिक बोलायचं असेल, प्रार्थना करायची असेल, तर ती इतरांना दिसेल अशा ठिकाणी, ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर. मोठी माणसं मुलांच्या खोलीत झोपणार नाहीत, जवळच्या खोलीत झोपतील. मुलांना खासगी मेसेज पाठवायचे नाहीत. सगळं गटाच्या ग्रुपवर, जिथे पालकही आहेत.

मोठी माणसं किती हवीत? ब्रिटनमधली एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था १३ ते १८ वयाच्या मुलांसाठी दर दहा जणांमागे एक मोठी व्यक्ती सुचवते, आणि गट कितीही छोटा असला तरी कमीत कमी दोन. माझ्या अनुभवात हा आकडा प्रवासाला आणि सभेला पुरतो, कामाच्या जागी पुरत नाही. तिथे पाच-सहा मुलांमागे एक जण ठेवा.

येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची चौकशी करा, मंडळीबाहेरच्या दोघांकडून त्याच्याबद्दल लेखी अभिप्राय घ्या, आणि जिथे पोलीस पडताळणीची सोय आहे तिथे ती करून घ्या. हे नियम यजमानांकडच्या मुलांच्या बाबतीतही पाळायचे आहेत, हे विसरलं जातं. गावातल्या छोट्या मुलीला उचलून घेणं, तिला मिठी मारणं, एकटीला फिरायला नेणं, जे आपल्या मंडळीत आपण करू देणार नाही ते तिथेही नाही.

एखादं मूल येऊन काही सांगू लागलं, तर शांतपणे ऐका. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. खोदून प्रश्न विचारू नका. त्याने जे शब्द वापरले तेच त्याच दिवशी लिहून ठेवा आणि आधी नेमलेल्या जबाबदार व्यक्तीला सांगा. ती व्यक्ती कायद्याप्रमाणे योग्य त्या अधिकाऱ्यांना कळवेल. मंडळीच्या कमिटीने आतल्या आत चौकशी करून ते मिटवू नये. मंडळीचं नाव सांभाळण्यापेक्षा ते मूल मोठं आहे.

५. कागदपत्रं

एक जाड फाइल करा, तिची दुसरी प्रत दुसऱ्या गाडीत ठेवा, आणि सगळ्याचे फोटो घरी थांबलेल्या एका माणसाकडे देऊन ठेवा. फाइलमध्ये :

- अठराच्या आतल्या प्रत्येकासाठी पालकांचं संमतीपत्र. "पाठवायला हरकत नाही" एवढ्यावर थांबू नका. कोणतं काम, कोणत्या तारखा, कुठला प्रवास आणि तातडीच्या उपचारांना परवानगी, हे चारही त्यात हवं.
- आरोग्यपत्रक, मोठ्यांचंही. अ‍ॅलर्जी, चालू औषधं, जुने आजार, शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं, घरच्यांचे दोन फोन नंबर.
- ओळखपत्राची प्रत.
- विम्याचे कागद. पॉलिसीत शारीरिक कामाच्या वेळी झालेली इजा धरली आहे का, हे विचारून घ्या. प्रवास विम्यात ती बऱ्याचदा नसते.
- यजमानांशी केलेला लेखी करार.
- मंडळीच्या लेटरहेडवर पाळकांच्या सहीचं पत्र : आम्ही कोण, कुठे, कशासाठी चाललो आहोत.
- गाडीचे आणि चालकाचे कागद.

परदेशी जात असाल तर आणखी काही. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान सहा महिने वैध असावा, कारण अनेक देश ते बघतात. पालकांशिवाय प्रवास करणाऱ्या मुलांसाठी आईवडील दोघांच्या सह्यांचं, नोटरी केलेलं पत्र बरोबर ठेवा. ज्या देशांत पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात, तिथे लस निदान दहा दिवस आधी घेतलेली लागते, कारण दाखला दहा दिवसांनंतरच लागू होतो.

आणि व्हिसा. "आपण पगार थोडाच घेणार आहोत, पर्यटक व्हिसा चालेल" असं गृहीत धरू नका. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही, आणि धर्मोपदेशासाठी वेगळी परवानगी लागते. दूतावासाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. सीमेवरच्या अधिकाऱ्याला अर्धसत्य सांगून सेवेला जाणं मला पटत नाही, आणि त्याची किंमत यजमानांनाही मोजावी लागते.

६. पैसे

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, असं येशू बायबलमधल्या लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगतो. तो उतारा मी दर वर्षी पहिल्या बैठकीत वाचायला देतो. प्रवास, राहणं, जेवण, सामान, कारागिरांची मजुरी, विमा, औषधं, आणि या सगळ्याच्या वर दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी. यजमानांच्या विजेचा, पाण्याचा, गॅसचा खर्च आपल्यामुळे वाढतो. तो त्यांनी मागितला नाही तरी द्या.

वर्गणी सगळ्यांना सारखी ठेवली तर ज्यांच्या घरी ओढग्रस्त आहे ती मुलं "मला वेळ नाही" म्हणून मागे राहतात, आणि खरं कारण कोणाला कळतही नाही. आम्ही एक बंद पेटी ठेवतो. कुटुंबं आपल्या ऐपतीप्रमाणे त्यात टाकतात, कमी पडेल ते मंडळी घालते. कोणी किती दिले हे फक्त खजिनदाराला माहीत असतं. जमा-खर्च मात्र पैशापैशाचा लिहा आणि परतल्यावर मंडळीपुढे ठेवा.

७. गटाची तयारी

निदान चार बैठका घ्या. एकीत तिथल्या लोकांची माहिती आणि त्यांच्या भाषेतली दहा-पंधरा वाक्यं. एकीत सुरक्षेचे नियम, पालकांसह. एकीत प्रत्यक्ष अवजारं हातात देऊन सराव, मंडळीच्याच आवारात एखादं काम काढून. आणि एक बैठक फक्त प्रार्थनेसाठी आणि मनमोकळं बोलण्यासाठी : मी का चाललो आहे? "मित्र चालले आहेत म्हणून" हे उत्तरही प्रामाणिक आहे, त्यासाठी कोणाला ओशाळवाणं करू नका. पुष्कळांची सुरुवात तशीच होते.

जो एकाही बैठकीला आला नाही त्याला नेऊ नका. हा नियम मोडायचा मोह होतो, विशेषतः मुलगा कमिटीतल्या कोणाचा असेल तर. आम्ही एकदा मोडला, आणि आठवडाभर एक मोठा माणूस त्याच्यामागेच अडकून राहिला.

८. सामान

थोडक्यात सांगतो. बंद बूट, कामाचे दोन जोड, पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, हातमोजे, पाण्याची बाटली, टॉर्च, अंथरूण, स्वतःची औषधं मूळ वेष्टनासह, बायबल, वही. दागिने आणि महागडे फोन घरी. स्वतःची बॅग स्वतःला उचलता आली पाहिजे.

जुने कपडे, जुनी खेळणी गोणीत भरून नेऊ नका. ते निवडायला, वाटायला आणि उरलेलं टाकायला यजमानांचेच दिवस जातात, आणि कोणाला मिळालं, कोणाला नाही यावरून गावात मनं दुखावतात. काय हवं ते त्यांना विचारा, आणि शक्य असेल तर तिथल्याच दुकानातून घ्या.

९. प्रवास आणि तिथले दिवस

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे ५ ते २९ वर्षं वयाच्या लोकांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण रस्ते अपघात हेच आहे. म्हणजे आपल्या शिबिरातला खरा मोठा धोका शिडी किंवा साप नसून गाडी आहे. रात्रीचा प्रवास टाळा, भले एक दिवस जास्त लागो. प्रत्येकाला बसायला स्वतःची जागा आणि पट्टा. टेम्पोच्या मागे, टपावर कोणीही नाही. दिवसभर काम केलेल्या माणसाने गाडी चालवायची नाही.

दिवसाची आखणी सैल ठेवा. सकाळी छोटी उपासना, उन्हाच्या आधी काम, दुपारी विश्रांती, मग पुन्हा दोन तास, संध्याकाळ यजमानांबरोबर. तरुण पोरं "अजून करू" म्हणतात, पण दुखापती बहुतेक दमल्यावरच होतात. शिष्य दमून आले तेव्हा प्रभूने त्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगितलं होतं, हे त्यांना आठवून द्या. रात्री अर्धा तास गोल करून बसा : आज काय दिसलं, काय खुपलं, उद्या काय बदलायचं. पहिल्या दोन रात्री कोणी फारसं बोलत नाही. तिसऱ्या रात्रीपासून मुलं बोलू लागतात.

जेवणाच्या बाबतीत लूकच्या दहाव्या अध्यायातली आज्ञा स्वच्छ आहे : तुमच्यापुढे जे वाढतील ते खा. पथ्य किंवा अ‍ॅलर्जी असेल तर ती यजमानांना आधीच कळवा, पानावर बसल्यावर नाही.

१०. पाणी, ऊन, जखमा

निघण्याआधी चार ते सहा आठवडे सगळ्यांनी डॉक्टरांना भेटावं. धनुर्वाताचा डोस दहा वर्षांच्या आतला हवा. घाणेरडी किंवा खोल जखम झाली आणि डोसाला पाच वर्षं उलटून गेली असतील, तर डॉक्टर पुन्हा देतात.

पाण्याबद्दल शंका असेल तर ते खळखळ उकळा. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, सुमारे दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यायला लावा, तहान लागायची वाट बघू नका. यासाठी एका मुलाला 'पाणीवाला' नेमा, रोज नवा. आमच्याकडे हे काम मुलं आनंदाने करतात.

जुलाब लागले तर ओआरएसची पाकिटं वापरा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ मोजूनच घाला, अंदाजाने नाही. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, वर काहीही फासू नका. उन्हात काम करणारा कोणी बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. "जरा पडू दे, बरं वाटेल" म्हणून थांबू नका.

गटात एक तरी प्रथमोपचार शिकलेली व्यक्ती हवी, आणि औषधांची पेटी तिच्याच ताब्यात.

११. फोटो

आपला उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, ही शिकवण दानाबद्दलची आहे, आणि मला ती कॅमेऱ्यालाही लागू वाटते. पहिले दोन दिवस कोणीही फोटो काढायचे नाहीत, असा आमचा नियम आहे. त्यानंतर एकच नेमलेला माणूस काढतो. कोणाचाही फोटो त्याला विचारून, मुलांचा त्यांच्या पालकांना विचारून. आजारी, रडणारं, फाटक्या कपड्यातलं मूल नाही. मुलाचं नाव आणि गाव एकत्र लिहायचं नाही. मुलांना मी एवढंच विचारतो : हा फोटो तुझ्या आईचा असता, तर तू टाकला असतास का?

१२. परतल्यावर

आल्या आल्या रविवारी मंडळीपुढे साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, उभं करायची घाई करू नका. दोन आठवडे जाऊ द्या. मग गट पुन्हा एकत्र बसवा. काही मुलं शांत झालेली असतात, काहींना घरच्या सुखसोयींचा राग येतो, काही घरच्यांशी भांडतात. त्यांच्याशी एकेकट्याने बोलावं लागतं, पण वरचे नियम पाळूनच. मंडळीपुढे बोलताना "त्या बिचाऱ्यांकडे काहीच नाही" असं वाक्य येऊ देऊ नका. त्यांच्याकडे काय आहे, त्यांनी आपल्याला काय शिकवलं, ते सांगा. ते भाषण यजमान समोर बसून ऐकत आहेत असं समजून लिहा.

महिन्याभरात यजमानांना फोन करा आणि विचारा : आमचं कोणतं काम टिकलं, कोणतं नाही, आमच्यामुळे त्रास कुठे झाला? पहिल्यांदा ते "सगळं छान" असंच म्हणतील. तीन महिन्यांनी पुन्हा विचारा, आणि लेखी कळवायला सांगा. त्यांची उत्तरं पुढच्या वर्षीच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांपुढे वाचा. नवी जागा शोधण्याआधी जुन्याच जागी परत जाता येईल का ते बघा. आम्ही एकाच ठिकाणी सलग तीन वर्षं गेलो. तिसऱ्या वर्षी तिथल्या तरुण संघातली सहा मुलं आमच्याकडे आठ दिवस आली आणि आमच्या मंडळीच्या सभागृहाची गळकी खिडकी त्यांनी दुरुस्त करून दिली. आम्ही त्यांच्या हाताखाली घमेली उचलली.